डेटाबेसला विचारलेले ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ : नेमक्या नोंदी निवडण्याची रीत

चादरी आणि टॉवेल यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या सोलापुरातील पेढीची खतावणी वहीतून संगणकावर आली, तरी मालकांचे प्रश्न बदलत नाहीत. “पंढरपूर आणि बार्शीची उधारी काढा”, “लातूर सोडून बाकीच्यांना नवे भावपत्रक पाठवा”, “जूनमध्ये कोणाकोणाचे पैसे आले?” अशीच विचारणा पूर्वी होत असे आणि आजही होते. वहीसमोर बसलेले मुनीमजी प्रश्नातल्या ‘आणि’चा अर्थ प्रसंगावरून ओळखत असत. डेटाबेस, म्हणजे संगणकातला नोंदींचा संग्रह, तो ओळखत नाही; त्याला जे शब्दशः सांगितले तेच तो करतो, आणि चुकीची यादीसुद्धा बरोबर यादीइतक्याच नीटनेटकेपणाने समोर मांडतो. म्हणून पेढीत, कारखान्याच्या कार्यालयात किंवा बाजार समितीतल्या अडत दुकानात नव्याने डेटाबेस हाताळू लागलेल्यांनी अटी जोडण्याचे तीन शब्द, म्हणजे अँड, ऑर आणि नॉट, आधी पक्के करावेत, असे माझे मत आहे.

पुढचे सर्व काही ज्या एका गोष्टीवर उभे आहे, ती आधी सांगतो. आपण लिहिलेली अट संपूर्ण यादीला विचारली जात नाही. ती एकेका ओळीला स्वतंत्रपणे विचारली जाते. प्रत्येक ओळ जणू दारात येऊन उभी राहते, तिला अट वाचून दाखवली जाते, आणि उत्तर ‘सत्य’ आले तरच ती आत येते. दारातल्या ओळीला तिच्या पुढच्या किंवा मागच्या ओळीत काय आहे याची काहीच माहिती नसते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिताना अडखळलात, तर कोणतीही एक ओळ डोळ्यांसमोर धरून तिला आपली अट विचारून पाहावी.

सरावाची तयारी

सरावासाठी एसक्यूलाइट हे डेटाबेस चालवणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मोफत मिळते, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही आणि सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो. या लेखात सिलेक्ट, व्हेअर, अँड यांसारखे शब्द वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर मात्र ते इंग्रजी अक्षरांत, आणि आकडे इंग्रजी अंकांत टंकावे लागतात. तक्त्याचे व रकान्यांचे नाव देवनागरीत ठेवले तर एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर, दोन्ही ते स्वीकारतात, आणि अवतरणचिन्हांतला मजकूर तर मराठीत ठेवता येतोच.

‘विक्री’ नावाचा एक काल्पनिक तक्ता घेऊ. त्यात बिल क्रमांक, गाव, माल, नग, रक्कम आणि वसुलीची तारीख असे सहा रकाने आहेत. जिथे पैसे अजून आलेले नाहीत तिथे वसुलीचा रकाना रिकामा आहे, आणि पाचव्या बिलावर गावच लिहायचे राहून गेले आहे.

१ | बार्शी | चादर | ४० | १४००० | २०२५-०६-०५
२ | पंढरपूर | टॉवेल | २०० | १८००० | (रिकामे)
३ | अक्कलकोट | चादर | २५ | ८७५० | २०२५-०६-१२
४ | पंढरपूर | चादर | ६० | २१००० | २०२५-०६-२०
५ | (रिकामे) | टॉवेल | १०० | ९००० | (रिकामे)
६ | सांगोला | नॅपकिन | ३०० | ६००० | २०२५-०६-३०
७ | बार्शी | टॉवेल | १५० | १३५०० | (रिकामे)
८ | लातूर | चादर | ८० | २८००० | (रिकामे)

आठच ओळी मुद्दाम ठेवल्या आहेत. उत्तर काय यायला हवे हे आधी कागदावर बोटाने मोजावे आणि मगच क्वेरी चालवावी. ही सवय सुरुवातीचे पंधरा दिवस पाळली, तर पुढे हजारो ओळींवर काम करताना हात डगमगत नाही.

पहिली पायरी : एकच अट

सिलेक्ट * फ्रॉम विक्री व्हेअर माल = 'चादर'

सिलेक्ट म्हणजे निवडा, * म्हणजे सर्व रकाने, फ्रॉमच्या पुढे तक्त्याचे नाव आणि व्हेअरच्या पुढे जे येते ती अट. येथे १, ३, ४ आणि ८ या क्रमांकांच्या ओळी मिळतात. तुलनेची चिन्हे शाळेतलीच आहेत; ‘समान नाही’ हे <> असे लिहितात आणि ‘इतके किंवा त्याहून जास्त’ हे >= असे. ‘चौदा हजारांच्या वर’ असे कोणी म्हणाले, तर चौदा हजारांचे बिल धरायचे की नाही हे विचारून घ्यावे. चादरींच्या ओळींत रक्कम >= १४००० लिहिले तर पहिले बिल यादीत येते, रक्कम > १४००० लिहिले तर ते गळते. बोलताना आपण हा फरक सर्रास सोडून देतो.

दुसरी पायरी : अँड आणि ऑर

अँडने जोडलेल्या दोन्ही अटी त्याच ओळीत खऱ्या असाव्या लागतात. माल = 'चादर' अँड रक्कम >= १४००० या अटीला १, ४ आणि ८ या ओळी उतरतात. ऑरने जोडलेल्यांपैकी निदान एक खरी असली की पुरे. गाव = 'बार्शी' ऑर माल = 'चादर' या अटीला १, ३, ४, ७ आणि ८ अशा पाच ओळी मिळतात. पहिली ओळ बार्शीचीही आहे आणि चादरीचीही. तरी ती एकदाच येते, कारण दारात ती एकदाच उभी राहिली होती.

व्यवहारातला ‘किंवा’ पुष्कळदा ‘दोहोंपैकी एकच’ असा असतो. चहा किंवा सरबत विचारले की पाहुणे दोन्ही मागत नाहीत. ऑरचा अर्थ तसा नाही. त्यात ‘दोन्हीही’ हा पर्याय सामावलेला असतो. ‘एकच, दोन्ही नकोत’ असे हवे असेल तर मायएसक्यूएलमध्ये एक्सऑर नावाचा ऑपरेटर आहे, पण खतावणीच्या कामात त्याची गरज मला क्वचितच पडली.

आता खरी अडचण. “पंढरपूर आणि बार्शीची बिले काढा” हे वाक्य ऐकून नवशिका माणूस विश्वासाने लिहितो :

व्हेअर गाव = 'पंढरपूर' अँड गाव = 'बार्शी'

उत्तरात एकही ओळ येत नाही. त्याला वाटते, डेटाच गेला. वास्तविक डेटाबेसने आठही ओळींना प्रामाणिकपणे विचारले की तुझे गाव पंढरपूर आहे आणि त्याच वेळी बार्शीही आहे का. आणि एका बिलावर एकच गाव असल्याने सर्वांनी नकार दिला. मालकांच्या तोंडचा ‘आणि’ दोन याद्यांची बेरीज सुचवीत होता, आणि ती बेरीज एका ओळीच्या बाजूने पाहिली की ‘किंवा’ होते : तुझे गाव पंढरपूर आहे किंवा बार्शी आहे? म्हणून येथे ऑर लिहायचे. मग १, २, ४ आणि ७ या ओळी मिळतात. मराठी बोलणाऱ्याला ही चूक होणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणूनच या भाषांतरावर मी इतका भर देतो. एकाच रकान्याविषयी ‘हे आणि ते’ असे ऐकू आले की जवळजवळ नेहमी ऑर लागतो. वेगवेगळ्या रकान्यांविषयी ‘असे आणि तसे’ ऐकू आले की बहुधा अँड.

याच ठिकाणी दुसरी एक चूक होते आणि ती अधिक फसवी आहे :

व्हेअर गाव = 'पंढरपूर' ऑर 'बार्शी'

वाचताना हे सरळ वाटते. पण ऑरच्या उजवीकडे एक पूर्ण अट लागते आणि येथे नुसता शब्द आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हे आणखी एक डेटाबेस सॉफ्टवेअर चूक दाखवून थांबते, ते बरे. एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल मात्र ‘बार्शी’ या मजकुराचे संख्येत रूपांतर करतात, ते शून्य भरते, शून्य म्हणजे असत्य, आणि फक्त पंढरपूरच्या दोन ओळी हाती येतात. यादी रिकामी नसल्यामुळे शंकाही येत नाही. रकान्याचे नाव प्रत्येक वेळी लिहावे, किंवा त्याहून स्वच्छ रीत म्हणजे इन वापरावे :

व्हेअर गाव इन ('पंढरपूर', 'बार्शी')

गावे दोनाची दहा झाली तरी अट वाचता येते, आणि पुढे सांगितलेला कंसाचा घोळ आपोआप टळतो.

जुन्या क्वेऱ्यांमध्ये ऑरच्या जागी दोन उभ्या रेघा दिसल्या तर जपून वाचावे. मायएसक्यूएलमध्ये त्यांचा नेहमीचा अर्थ ऑर असा आहे, तर एसक्यूलाइट, पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये त्या दोन मजकूर एकमेकांना जोडतात. शब्दच लिहिणे चांगले.

तिसरी पायरी : कंस

उधारीची यादी हवी आहे, पंढरपूर आणि बार्शी या दोन गावांची. वसुलीचा रकाना रिकामा असणे हे ‘वसुली इज नल’ असे लिहितात. अट लिहिली :

व्हेअर गाव = 'पंढरपूर' ऑर गाव = 'बार्शी' अँड वसुली इज नल

उत्तरात २, ४ आणि ७ या ओळी येतात. चौथ्या बिलाचे पैसे २० जूनलाच आले आहेत, तरी ते उधारीच्या यादीत आहे. कारण असे की अंकगणितात २ + ३ × ४ याचे उत्तर १४ येते, कारण गुणाकार आधी होतो. तसेच येथे नॉट सर्वांत आधी, मग अँड आणि शेवटी ऑर असा क्रम ठरलेला आहे. डेटाबेसने वाचले ते असे : पंढरपूरचे कोणतेही बिल चालेल, किंवा बार्शीचे असेल तर ते उधारीचे हवे. आपल्या मनातला अर्थ कंसानेच सांगता येतो :

व्हेअर (गाव = 'पंढरपूर' ऑर गाव = 'बार्शी') अँड वसुली इज नल

आता २ आणि ७ याच ओळी उरतात, आणि त्याच बरोबर आहेत.

काही वर्षांपूर्वी एका पेढीसाठी अशीच यादी काढताना मी हे कंस घातले नव्हते. त्या यादीवरून एका जुन्या ग्राहकाला वसुलीचा फोन गेला. त्यांनी रक्कम कधीच भरली होती. रागावण्याऐवजी त्यांनी शांतपणे पावतीचा क्रमांक आणि तारीख वाचून दाखवली, आणि ते ऐकणे मला रागावण्यापेक्षा जड गेले. आमच्याकडे चादरीचा धंदा उधारीवर आणि शब्दावर चालतो; पैसे देऊन मोकळ्या झालेल्या माणसाकडे पुन्हा पैसे मागणे ही त्याच्या विश्वासार्हतेवर घेतलेली शंका असते. तेव्हापासून अँड आणि ऑर एकाच अटीत आले की, क्रमाने उत्तर बरोबर येत असले तरीही, मी कंस घालतोच. पुढे ती क्वेरी वाचणाऱ्याला क्रम आठवत बसावे लागत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ.

चौथी पायरी : नॉट

“पंढरपूर आणि बार्शी सोडून बाकीची बिले द्या.” येथे बहुतेक नवशिके पुढील अट लिहितात :

व्हेअर गाव <> 'पंढरपूर' ऑर गाव <> 'बार्शी'

पाचवी ओळ वगळता सातही ओळी बाहेर येतात, पंढरपूर आणि बार्शीसुद्धा. बार्शीच्या ओळीला विचारून पाहा : तुझे गाव पंढरपूर नाही ना? नाही. मग एक अट खरी झाली, ऑरला तेवढेच पुरते, ओळ आत आली. पंढरपूरची ओळ दुसऱ्या अटीच्या आधाराने आत येते. ‘हेही नको आणि तेही नको’ यात अँड हवा :

व्हेअर गाव <> 'पंढरपूर' अँड गाव <> 'बार्शी'

यावर ३, ६ आणि ८ या ओळी येतात. हेच नॉट (गाव = 'पंढरपूर' ऑर गाव = 'बार्शी') असे किंवा गाव नॉट इन ('पंढरपूर', 'बार्शी') असेही लिहिता येते. नकार कंसाच्या आत नेला की आतला ऑर अँड होतो आणि अँडचा ऑर होतो, हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईत झाला होता. त्यांचे समकालीन जॉर्ज बूल यांनी सत्य आणि असत्य यांचे बीजगणित मांडले. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना तक्त्यांच्या रूपातील डेटाबेसची कल्पना प्रसिद्ध केली, आणि तेथीलच डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी प्रश्न विचारण्याची भाषा पुढे आणली, तिचीच आजची एसक्यूएल झाली. बूल आणि डी मॉर्गन यांचे एकोणिसाव्या शतकातले नियम तिच्या व्हेअरमध्ये आजही चालतात.

नॉट फक्त आपल्या लगतच्या अटीला लागतो, हेही लक्षात असावे. नॉट गाव = 'लातूर' अँड माल = 'चादर' याचा अर्थ ‘लातूर नसलेल्या गावांच्या चादरी’ असा होतो आणि १, ३, ४ या ओळी मिळतात. नॉट (गाव = 'लातूर' अँड माल = 'चादर') याचा अर्थ ‘लातूरच्या चादरी सोडून सर्व काही’ असा होतो आणि आठवी वगळता सातही ओळी मिळतात.

पाचवी पायरी : रिकामे रकाने

पाचव्या बिलाकडे आता वळू. ‘सोडून’च्या यादीत ३, ६ आणि ८ आल्या, पाचवी आली नाही. तिचे गाव पंढरपूरही नोंदलेले नाही आणि बार्शीही नाही, मग ती का गळली? कारण रिकाम्या रकान्याला डेटाबेस ‘नल’ मानतो, म्हणजे ‘माहीत नाही’. माहीत नसलेले गाव पंढरपूर नाही असे खात्रीने कसे म्हणावे? म्हणून उत्तर सत्यही येत नाही, असत्यही येत नाही, ‘अज्ञात’ येते. आणि व्हेअरच्या दारातून फक्त सत्य आत जाते.

या तिसऱ्या उत्तराचे नियम थोडकेच आहेत आणि विचार केल्यास पटणारे आहेत. अँडच्या एका बाजूला असत्य असेल तर दुसरी बाजू अज्ञात असली तरी निकाल असत्यच. ऑरच्या एका बाजूला सत्य असेल तर निकाल सत्यच. अज्ञाताचा नॉट अज्ञातच राहतो, आणि नवशिक्यांना सर्वांत जास्त दगा हाच नियम देतो. वरच्या उदाहरणात नॉट (गाव = 'लातूर' अँड माल = 'चादर') या अटीला पाचवी ओळ मात्र मिळाली, कारण तिचा माल टॉवेल आहे; चादरीची बाजू असत्य ठरली, म्हणून गाव अज्ञात असूनही कंसातला निकाल असत्य आला आणि नॉटने त्याचे सत्य झाले. तीच ओळ एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, हे दोन्ही निकाल नियमाला धरूनच आहेत.

गाव = नल असे लिहून रिकामी गावे सापडत नाहीत; त्या तुलनेचे उत्तरही अज्ञातच असते आणि एकही ओळ येत नाही. इज नल किंवा इज नॉट नल हेच लिहावे लागते. गाव न लिहिलेली बिलेही ‘बाकीच्या’त धरायची असतील तर तसे स्पष्ट सांगावे :

व्हेअर (गाव नॉट इन ('पंढरपूर', 'बार्शी') ऑर गाव इज नल)

आता ३, ५, ६ आणि ८ या चारही मिळतात. कंस येथे एकट्या अटीसाठी आवश्यक नाहीत, पण उद्या कोणी पुढे अँड जोडले तर ते लागणारच.

नॉट इनच्या कंसात दुसऱ्या तक्त्यातली यादी घालणार असाल तर अधिक सावध असावे. समजा ‘बंद_गावे’ या तक्त्यात लातूर आहे आणि चुकून एक रिकामी ओळही आहे. गाव नॉट इन (सिलेक्ट गाव फ्रॉम बंद_गावे) असे लिहिताच उत्तरात एकही ओळ उरत नाही, कारण प्रत्येक गावाला ‘तू त्या अज्ञात गावाहून वेगळे आहेस का’ असेही विचारले जाते आणि त्याला कोणीच सत्य उत्तर देऊ शकत नाही. आतल्या सिलेक्टला व्हेअर गाव इज नॉट नल जोडले की अडचण सुटते.

पडताळणीची एक रीत मी सर्वांना आग्रहाने सांगतो. आपली अट घालून ओळी मोजाव्या, मग तीच अट नॉटच्या कंसात घालून मोजाव्या, आणि बेरीज एकूण ओळींशी ताडून पाहावी. येथे इनला ४, नॉट इनला ३, बेरीज ७ आणि तक्त्यात ओळी ८. कमी पडलेली एक ओळ म्हणजे रिकाम्या रकान्याची ओळ, आणि ती शोधून दुरुस्त करणे हे पेढीचे काम आहे, क्वेरीचे नव्हे.

सहावी पायरी : मर्यादा, तारखा आणि नावांची रूपे

रक्कम बिट्वीन १४००० अँड २१००० यात दोन्ही टोके धरली जातात. १, २ आणि ४ या ओळी येतात. यातला अँड हा बिट्वीनचाच भाग आहे, अटी जोडणारा नव्हे. लहान संख्या आधी लिहावी, उलट लिहिल्यास काहीच मिळत नाही.

तारखांना मात्र मी बिट्वीन वापरत नाही. रकान्यात तारखेबरोबर वेळही नोंदली जात असेल, तर '२०२५-०६-३०' हे टोक मध्यरात्रीचे धरले जाते आणि ३० जूनला दुपारी आलेले पैसे जूनच्या यादीतून गळतात. महिनाअखेरीलाच वसुली जास्त येते, त्यामुळे फटका मोठा बसतो. त्याऐवजी असे लिहावे :

व्हेअर वसुली >= '२०२५-०६-०१' अँड वसुली < '२०२५-०७-०१'

यात महिना ३० दिवसांचा की ३१ हेही आठवावे लागत नाही.

नावांच्या लेखनाचा प्रश्न आपल्याकडे विशेष जाणवतो. एकाने ‘पंढरपूर’ लिहिले, दुसऱ्याने ‘पंढरपुर’. डेटाबेसच्या लेखी ही दोन वेगळी गावे असू शकतात. दोन्ही रूपे इनमध्ये द्यावीत, किंवा लाइक वापरावे. लाइकमध्ये टक्क्याचे चिन्ह कितीही अक्षरांसाठी आणि खालची रेघ एका अक्षरासाठी असते. देवनागरीत मात्रा संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र अक्षर असल्याने, गाव लाइक 'पंढरप_र' या अटीला एसक्यूलाइटमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही रूपे मिळतात. कायमचा उपाय मात्र गावांचा वेगळा तक्ता करून प्रत्येकाला क्रमांक देणे हाच आहे.

पुसण्यापूर्वी

व्हेअरची हीच अट डिलीट (ओळी पुसणे) आणि अपडेट (ओळी बदलणे) यांनाही लागते, आणि तेथे चूक झाली तर यादी चुकत नाही, नोंदी जातात. म्हणून डिलीट लिहिण्याआधी तीच अट सिलेक्टबरोबर चालवावी, आलेल्या ओळी डोळ्यांनी पाहाव्या, त्यांची संख्या कागदावर लिहावी, आणि मगच सिलेक्ट * च्या जागी डिलीट लिहावे, अटीला हात न लावता. त्याआधी बिगिन लिहून व्यवहार उघडून ठेवावा, म्हणजे केलेला बदल पक्का होईपर्यंत मागे घेता येतो. पुसल्या गेलेल्या ओळींची संख्या कागदावरच्या संख्येशी जुळली तर कमिट लिहून बदल पक्का करावा, नाही जुळली तर रोलबॅक लिहून तो मागे घ्यावा.